पावसाळ्यातही सनस्क्रीन लावायचं का?

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. तुम्ही नाशिकला राहता, वय चौतीस, पतसंस्थेत नोकरी, स्कूटरवरून जाऊन-येऊन तासभराचा प्रवास. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग आले. डॉक्टरांनी वांग असल्याचं सांगितलं, रात्री लावायचं मलम दिलं आणि सनस्क्रीन बारा महिने रोज लावायला बजावलं. तुम्ही ते मार्च ते मे लावता, पाऊस सुरू झाला की बंद करता, आणि दिवाळीपर्यंत डाग पुन्हा गडद होतात. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर उन्हात राबलो, आम्हाला कुठे लागलं? मिस्टरांना ही कंपन्यांची विक्रीची युक्ती वाटते. शिवाय ड जीवनसत्त्व कमी होईल का आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही लावू का, हे दोन प्रश्न आहेत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. ओपीडीत सकाळी उसाच्या फडातून आलेल्या बायका असतात आणि संध्याकाळी शाळा-बँका सुटल्यावर आलेल्या. दोघींना एकच सल्ला देऊन चालत नाही. म्हणून प्रत्येकाने रोज सनस्क्रीन लावलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. तुम्ही लावलंच पाहिजे असं मात्र म्हणतो, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत जरा जास्तच आग्रहाने, कारण तुमची गाडी तिथेच रुळावरून घसरते आहे. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही. निदान बरोबर आहे असं धरून पुढचं लिहितो. ते बरोबर नसण्याची शक्यता कुठे असते, तेही नंतर येईल.

आधी ऋतूचा हिशेब. अंगाला जाणवणारी उष्णता वेगळी आणि त्वचेवर परिणाम करणारे अतिनील किरण वेगळे. हवा गार असली, वारा सुटला असला तरी सूर्य डोक्यावर असेल तर हे किरण पुरेपूर येतात. किती येतात हे मुख्यतः सूर्य आकाशात किती उंच आहे यावर ठरतं. नाशिकला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो दिवस, वर्षातून दोनदा येतो, एकदा २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २३-२४ जुलैच्या सुमारास. म्हणजे तुम्ही ट्यूब कपाटात ठेवून देता त्या जुलैत सूर्य मे महिन्याइतकाच माथ्यावर असतो. मध्ये येतात ते फक्त ढग. काळेकुट्ट, जाड ढग असतील तेव्हा अतिनील किरण खरंच खूप कमी होतात, हे कबूल. पण पांढरे, विरळ ढग त्यातले बरेचसे खाली सोडतात. आणि आपल्याकडे चार महिने सलग अंधारून येत नाही. दोन दिवस झड लागते, मग चार दिवस उघडीप. त्या उघडिपीत धूळ खाली बसलेली असते, हवा धुतलेली असते आणि सूर्य माथ्यावर असतो. तुम्ही मात्र 'पावसाळा आहे' म्हणून उघड्या चेहऱ्याने स्कूटर काढता.

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाच्या खाली यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा दिलेला असतो, तो एकदा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर त्वचेचं संरक्षण करावं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो ११-१२च्या घरात जातो. डिसेंबरात, स्वेटर घालून फिरतो तेव्हाही, भर दुपारी तो ५ ते ७ असू शकतो. लंडनची जूनमधली दुपार साधारण याच पट्टीतली. म्हणून लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी सनस्क्रीन लावलं नाही तर मी काही म्हणणार नाही, कारण तिथे त्या काळात हा आकडा ३च्या खालीच असतो. नाशिकला ती सवलत नाही.

अतिनील किरणांतले आपल्यापर्यंत पोचणारे प्रकार दोन, यूव्हीबी आणि यूव्हीए. यूव्हीबीने त्वचा भाजते, लाल होते, आणि ड जीवनसत्त्वही त्यानेच तयार होतं. ते सकाळ-संध्याकाळ आणि थंडीत बरंच कमी होतं आणि साध्या खिडकीच्या काचेने जवळजवळ अडतं. यूव्हीए त्वचेत खोल जातं. काळवंडणं, सुरकुत्या, त्वचेचा सैलपणा यांत त्याचा वाटा मोठा असतो. दिवसभरात आणि वर्षभरात ते यूव्हीबीइतकं खाली-वर होत नाही, आणि खिडकीच्या काचेतून आत येतं. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्यामुळे त्याला बऱ्यापैकी अडवते, बाजूच्या काचा तितक्या अडवत नाहीत. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. २८ वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू सुरकुत्यांनी भरली होती आणि उजवी त्या मानाने तरुण राहिली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या चालकांचा उजवा हात आणि उजवा गाल जास्त रापलेला असतो. पतसंस्थेत तुमची खुर्ची खिडकीलगत असेल आणि ऊन थेट अंगावर येत असेल तर ती जरा सरकवून घ्या, किंवा पडदा लावा.

वांगाच्या बाबतीत तिसरा एक घटक आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष होतं आणि तिथेच उपचार फसतात. तो म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. गोऱ्या कातडीवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, पण आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तो रंगद्रव्य वाढवतो आणि तो रंग बरेच दिवस टिकतो. साधं पारदर्शक सनस्क्रीन, त्याचा एसपीएफ (डब्यावरचा संरक्षणाचा आकडा) कितीही असो, हा प्रकाश फारसा अडवत नाही. तो अडवायला रंगीत कण लागतात, आणि ते काम आयर्न ऑक्साइड करतं. म्हणून वांग असलेल्या रुग्णाला मी 'टिंटेड' लिहिलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन सुचवतो. आपल्या रंगाशी जुळणारी छटा मिळाली नाही तर नेहमीच्या सनस्क्रीनवर कॉम्पॅक्ट किंवा फाउंडेशनचा हात फिरवा. त्यातही आयर्न ऑक्साइड असतं. नुसत्या कॉम्पॅक्टवर मात्र भागवू नका, ते पुरेसं जाड कुणीच लावत नाही. मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या पडद्यातून येणारा निळा प्रकाश सूर्याच्या तुलनेत नगण्य असतो, तेव्हा 'स्क्रीनपासून संरक्षण' असं लिहिलेल्या महागड्या ट्यूबसाठी जादा पैसे घालवू नका.

आता वांग प्रकाशाला इतका का चिडतो? या डागांत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी आधीच उत्तेजित झालेल्या असतात. अनुवंश, गर्भारपणातली किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमधली संप्रेरकं आणि प्रकाश, अशी तिघांची मिळून ती करामत असते. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात फारशा नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा पर्याय निघू शकतो. हातात उरतो तो प्रकाश. रात्रीच्या मलमाने चार महिन्यांत फिका केलेला डाग उघड्या चेहऱ्याने काढलेले काही दिवसच पुन्हा गडद करू शकतात. तुमचं वर्षाचं चक्र हेच सांगतं: उन्हाळ्यात लावता तेव्हा डाग आटोक्यात, जूनपासून सोडता, दिवाळीला पहिल्यासारखे. मलम कुचकामी आहे असं वाटून लोक याच टप्प्यावर डॉक्टर बदलतात. मोरोक्कोमध्ये गर्भवती स्त्रियांवर एक अभ्यास झाला होता. त्यात रोज चांगलं सनस्क्रीन लावणाऱ्या १८५ जणींपैकी फक्त ५ जणींना नव्याने वांग आला. त्याच भागातल्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे होतं. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पण ओपीडीत जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

मिस्टरांच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. रोज लावण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावचा आहे. १९९२ ते १९९६ या काळात तिथे १,६२१ लोकांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, अर्ध्यांना आपल्या मर्जीनुसार. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं, स्क्वेमस सेल कार्सिनोमाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरलं, आणि पंचावन्नच्या आतल्यांची त्वचा साडेचार वर्षांत कमी म्हातारी झाली. पण ती माणसं बहुतांशी गोरी होती. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यच एक अंगभूत कवच आहे, आणि भारतीयांत उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग खूप कमी आढळतात. मेलॅनोमा हा त्वचेचा दुसरा, घातक कर्करोग आपल्याकडे दिसतो तो बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा संबंध नाही आणि सनस्क्रीनचा उपयोगही नाही. तेव्हा कर्करोगाची भीती घालून आपल्याकडे कुणी सनस्क्रीन विकत असेल तर तुमचे मिस्टर बरोबर आहेत. गोरं होण्यासाठी विकत असेल तर दुप्पट बरोबर आहेत, कारण सनस्क्रीनने कुणी मूळ रंगापेक्षा गोरं होत नाही. आपल्या लोकांना त्याचा खरा उपयोग वांग, मुरमांनंतर राहणारे काळे डाग, उन्हाची अ‍ॅलर्जी, ल्युपससारखे आजार, कोडाचे चट्टे आणि उन्हाला त्वचा हळवी करणारी औषधं यांच्यासाठी आहे. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबासाठीची काही थायझाइड औषधं आणि मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ही त्यातली नेहमीची. यातलं काहीच नसेल, दिवस घरात-ऑफिसात जात असेल आणि सुरकुत्यांची फिकीर नसेल, तर ज्याने-त्याने ठरवावं. माझ्या घरातही सगळे रोज लावत नाहीत.

आता प्रमाण. मला विचाराल तर ब्रँड आणि आकड्यांपेक्षा यावर जास्त लक्ष द्या. डब्यावरचा एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि गळा मिळून त्याचं गणित साधारण एक ते सव्वा ग्रॅम येतं. तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत प्रत्येकी एक भरघोस रेघ, इतकं ते भरतं. बहुतेक जण याच्या निम्मं किंवा पावपट लावतात, आणि एसपीएफ त्याच प्रमाणात किंवा त्याहून जास्त घसरतो. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा नीट लावली तर दीड महिन्यात संपायला हवी. रुग्ण जेव्हा सांगतात की डॉक्टर, गुढीपाडव्याला आणलेली ट्यूब गणपतीपर्यंत पुरली, तेव्हा मला पुढचं काही विचारावं लागत नाही. दोन रेघा एकदम जास्त वाटत असतील तर एक लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरी लावा. कान, मानेची मागची बाजू, ओठांच्या वरचा भाग आणि केसांची कड हमखास सुटतात. तुमचा डाग वरच्या ओठावरही आहे, हे लक्षात ठेवा.

एसपीएफ १५ योग्य प्रमाणात लावलं तर यूव्हीबीचे सुमारे ९३ टक्के किरण अडतात, ३०ने ९७ आणि ५०ने ९८. कागदावर ३० आणि ५०मध्ये फरक एका टक्क्याचा. पण आपण कमीच लावणार हे गृहीत धरून मी ५० लिहून देतो. एसपीएफ ही मुख्यतः यूव्हीबीची मोजणी आहे. यूव्हीएसाठी पीए ही जपानी पद्धतीची खूण बघायची, तिच्यापुढे तीन किंवा चार अधिक चिन्हं असावीत. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड असलेली खनिज सनस्क्रीनं हळव्या त्वचेला सोसतात, पण पांढरा थर ठेवतात. सावळ्या चेहऱ्यावर तर भस्म फासल्यासारखा. आणि मग माणूस दुसऱ्या दिवशी लावतच नाही. टिंटेडमध्ये ही अडचणही कमी होते. चेहरा तेलकट असेल, मुरमं येत असतील तर जेल, कोरडा असेल तर क्रीम. पावसाळ्यात दमट हवेत चिकट वाटलं की लोक सोडून देतात, म्हणून जूनमध्ये जेलवर या आणि डिसेंबरात हवं तर क्रीमवर. नवं सनस्क्रीन दोन-तीन दिवस जबड्याच्या कडेला लावून बघा, मग चेहऱ्यावर घ्या. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापलेल्या डिकीत आतले घटक फुटतात, विघटतात.

'सनस्क्रीन रक्तात जातं' असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्याचं मूळ २०१९ साली अमेरिकेत २४ लोकांवर झालेल्या अभ्यासात आहे. जवळजवळ सगळ्या अंगाला दिवसातून चार वेळा लावल्यावर काही रासायनिक घटक रक्तात आढळले, हे खरं. त्याने अपाय होतो असं त्यात दिसलेलं नाही आणि तिथल्या औषध नियंत्रकांनी सनस्क्रीन बंद करायला सांगितलं नाही. तरी मनात धाकधूक असेल तर खनिज प्रकारचं वापरा. ते कातडीच्या वरच राहतं.

किती वेळा लावायचं, याचं उत्तर तुमच्या दिवसाप्रमाणे देतो. दर दोन तासांनी हा नियम बाहेर उन्हात, घामात, पाण्यात असणाऱ्यांसाठी आहे. आत बसणाऱ्या माणसाने त्याचं ओझं घेऊ नये. तुम्ही सकाळी चेहरा धुऊन, हवं तर मॉइश्चरायझर लावून, त्यावर सनस्क्रीन लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी निघा. डबा भरून होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. दुपारी वसुलीला किंवा दुसऱ्या शाखेत जावं लागलं तर निघण्याआधी पुन्हा लावा. संध्याकाळी सहाच्या परतीसाठी नव्याने लावायची गरज नाही. उन्हाचा अंदाज घ्यायला सावली बघावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन जोरात आहे. मे महिन्यात सकाळी दहालाच ती आखूड झालेली असते. रात्री साध्या फेसवॉशने धुऊन मगच डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा.

स्कूटरवर सनस्क्रीनपेक्षा कापड जास्त भरवशाचं. ते घामाने पुसलं जात नाही, संपत नाही, फुकट असतं. मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात त्याची लोक थट्टा करतात, पण त्वचेच्या दृष्टीने त्या शहाण्या आहेत. फक्त कापड घट्ट विणीचं आणि गडद असावं. शिफॉनच्या ओढणीतून किंवा ओल्या पांढऱ्या सुती कापडातून किरण बरेच आत येतात. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच खाली घेतली तर तीही अतिनील किरण चांगले अडवते, दिसणारा प्रकाश मात्र येतोच. तुमच्या बाबतीत सनस्क्रीन, स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट, तिन्ही. स्कार्फ कानामागे घासून सनस्क्रीन पुसतो, म्हणून ते आधी मुरू द्या. हातांना लांब बाह्यांचा सनकोट घाला, तेवढ्यापुरतं सनस्क्रीन वाचतं. महिन्या-दीड महिन्याला एक ट्यूब म्हणजे खर्च आहेच. कापडाने जेवढं अंग झाकता येईल तेवढं झाकून सनस्क्रीन फक्त उघड्या भागाला ठेवलं की तो आवाक्यात राहतो.

सासूबाईंना याच धाग्यावरून उत्तर देता येईल. त्यांच्या पिढीने उन्हात राबताना डोक्यावर पदर घेतला, आजही शेतातल्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून खुरपायला जातात. ते संरक्षणच होतं, नाव वेगळं. आणि वांग तेव्हाही होता. घरोघर होता, फक्त त्यासाठी दवाखाना गाठण्याची चैन कुणाला नव्हती.

त्यांच्या पिढीतले घरगुती उपाय मात्र जपून. लिंबाचा रस लावून उन्हात जाणं तर अजिबात नको. लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते आणि मागे वांगापेक्षा काळा पट्टा राहतो. खोबरेल तेलाने त्वचा मऊ राहते, ऊन अडत नाही.

याहून मोठा धोका मेडिकलच्या काउंटरवर असतो. 'डागांसाठी काहीतरी द्या' म्हटलं की जी ट्यूब पुढे येते, तिच्यात बहुधा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असतं. वांगावर ते औषध म्हणून आम्हीही देतो, पण ठरावीक आठवडे, नजरेखाली. तेच कुणी वर्ष-दीड वर्ष रोज चोपडलं की आधी रंग उजळतो, बायका एकमेकींना नाव सुचवतात, मग त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसतात, लव वाढते, मुरमं येतात आणि ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग होते. अशी त्वचा उन्हाला आणखी हळवी, म्हणजे वांग आणखी गडद. कायद्याने ही मलमं चिठ्ठीशिवाय मिळू नयेत, पण मिळतात. तुमच्या रात्रीच्या मलमाच्या ट्यूबवरची घटकांची नावं वाचा. '-सोन' किंवा '-सोल' अशा शेवटाचं नाव दिसलं, जसं मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, आणि ते तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल, तर ते स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि कसं उतरवायचं ते विचारा.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास दिसते, अगदी ज्यांनी जन्मात सनस्क्रीन लावलेलं नाही त्यांच्यातही. कारणं अनेक: दिवस घरात जातो, अंग कपड्यांत असतं, सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ ऊन लागतं, आहारातून ते फारसं मिळत नाही. चेहरा म्हणजे अंगाचा छोटासा भाग. तेवढ्याला लावल्याने मोठा फरक पडत नाही. सगळ्या उघड्या अंगाला रोज चोख लावणाऱ्यांत पातळी थोडी घटू शकते. म्हणून वांगासाठी चेहरा झाकाच, आणि सुट्टीच्या दिवशी हात-पाय थोडा वेळ उन्हात ठेवा. यूव्हीबी कोवळ्या उन्हात फारसं नसतं, त्यामुळे त्यासाठी पहाटेचं ऊन निवडण्यात अर्थ नाही. रक्ततपासणीत पातळी कमी निघाली तर सरळ औषध घ्या. ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक, असा ठरावीक आठवड्यांचा कोर्स असतो. तो संपल्यावर शेजारणीच्या सांगण्यावरून पुढे चालू ठेवू नका, या जीवनसत्त्वाचा अतिरेक मूत्रपिंडांना बाधतो.

आता निदानाची गोष्ट. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. कानशिलांजवळ आणि कपाळाच्या कडेला राखाडी-काळपट छटा असेल तर मी आधी केसांच्या कलपाबद्दल विचारतो. कपाळाच्या मध्यभागी असेल तर कुंकू-टिकलीबद्दल, कारण यांच्या अ‍ॅलर्जीनेही असे डाग पडतात. मान आणि गालांची कड जाड, मखमली काळी झाली असेल तर त्यामागे वजन आणि साखर असते, तिथे सनस्क्रीन कितीही लावलं तरी व्यर्थ. मानेवर, हातांवर दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये खाजरे पुरळ येत असतील तर ती उन्हाची अ‍ॅलर्जी असू शकते. पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत खाज सुटून कातडी जाड होत असेल तर गाजर गवताची अ‍ॅलर्जी आठवावी. हे गवत भारतात पहिल्यांदा पुण्यात १९५५च्या सुमारास नोंदलं गेलं आणि आज त्याच्याशिवाय बांध सापडत नाही. दोन्ही गाल आणि नाकावर लाली, सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं असं काही असेल तर सनस्क्रीन निवडत बसू नका, आधी तपासण्या करा.

मुलीबद्दल. नऊ वर्षांच्या निरोगी मुलीला शाळेत जाताना रोज सनस्क्रीन लावायची सक्ती मी करणार नाही. टोपी, बाह्यांचे कपडे आणि मैदानावरचा खेळ शक्यतो साडेआठच्या आधी किंवा पाचनंतर, एवढं सांभाळा. पोहायला, सहलीला, समुद्रावर किंवा ट्रेकला जाणार असेल तर पाण्यात टिकणारं, खनिज प्रकारचं ५० एसपीएफचं लावा. डब्यावर ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेलं असतं, तेवढा वेळ पाण्यात गेला की पुसून पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मात्र लावायचं नाही, त्यांच्यासाठी सावली आणि कपडे. तिला उन्हात पुरळ येत असेल, अंगावर कोड असेल किंवा काही औषधं चालू असतील तर हे सगळं बदलतं. तसं असेल तर पुढच्या वेळी तिलाही डॉक्टरांकडे सोबत न्या.